आषाढाची वही

मंगळवार, १ जुलै २०२५, अंबाडी

कल्याणहून भाचीचा फोन आला तेव्हा मी गोदामात होतो. डॉकला शेवटची गाडी लागली होती, बिल्टी व्हायची होती, म्हणून घाईतच बोललो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिला प्रकल्प आहे: मराठी साहित्यातलं औदासीन्य. बालकवी, मर्ढेकर, जी. ए. कुलकर्णी, आरती प्रभु, ग्रेस अशी नावं तिने एका दमात घेतली आणि विचारलं, "मामा, ही सगळी माणसं जगाला एवढी कंटाळलेली का होती? आणि तू दिवसभर खोकी मोजून दमून घरी येतोस, तरी हेच का वाचतोस?"

तिच्या पहिल्या प्रश्नावर पुस्तकं आहेत. दुसऱ्यावर मलाच विचार करायला हवा. भिवंडी–वाडा रस्त्यावर पावसात गाडी हाकताना सगळं लक्ष खड्ड्यांकडे असतं, तरी प्रश्न सोबत होताच. नाक्यावर वज्रेश्वरीच्या फाट्याजवळ पाड्यांवरच्या बायका टाकळा आणि कर्टोली घेऊन बसल्या होत्या. आवणीचे दिवस असल्यामुळे त्यांचे पाय पोटरीपर्यंत चिखलाचे. एकीकडून टाकळा घेतला. रात्री जेवून वही काढली. पोरीला उत्तर द्यायचं तर नीट द्यावं. महिनाभर जे वाचीन त्यातलं इथे लिहून ठेवतो.

शुक्रवार, ४ जुलै

बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म धरणगावचा, १८९०. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली तेव्हा वय सोळा-सतरा. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले तेव्हा सत्तावीस. एवढ्या तपशिलावर आपण त्यांचं एक चित्र करून टाकलं आहे: कोवळा, हळवा, उदास, अकाली गेलेला. शाळेत आम्हाला ते तसेच शिकवले. आधी निसर्गाचा आनंदी कवी, मग अचानक निराश कवी, मग मृत्यू.

आज 'औदुंबर' पुन्हा वाचली. कविता आठच ओळींची. झरा, पलीकडचं लहानसं गाव, शेतं, त्यांतून गेलेली वाट, डोह आणि शेवटी झाड. नजर दूरवरून हळूहळू जवळ येते आणि पाण्याशी थांबते. हिरवा, निळा, पांढरा, काळा, प्रत्येक रंग आपल्या जागी. दुःखाचं नावही कुठे घेतलेलं नाही. तरी वाचून झाल्यावर छातीत काहीतरी जड होतं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जावंसं वाटतं. त्या झऱ्याला त्यांनी जो रंग दिला, तोच शब्द चार दशकांनी जी.एं.च्या पहिल्या कथासंग्रहाच्या, 'निळासावळा'च्या, मुखपृष्ठावर आला.

उदासीनतेवरही त्यांची कविता आहे, आणि तीत ते आपल्या मनाची तपासणी करतात: हे येतं कुठून, बोचतं नेमकं कुठे. उत्तर मिळत नाही, पण शोध सोडलेला नाही. जगाला विटलेला माणूस असा शोध घेतो का?

आणखी एक मनात आलं. मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा, 'कोसला'कार भालचंद्र नेमाड्यांचा सांगवीचा. बहिणाबाई असोद्याच्या. एकट्या जळगाव जिल्ह्याने मराठीला एवढं खोल काही दिलं, याचा कुणी सलग अभ्यास करायला हवा.

रविवार, ६ जुलै. आषाढी एकादशी

गोदामाला अर्धा दिवस. सकाळी गाथा घेऊन बसलो.

तुकोबांची विरक्ती आपण फार सहज बोलून टाकतो, जणू ते जन्मतःच तसे होते. घरात महाजनकी, दुकान, सावकारी. १६२९–३० च्या सुमाराचा दुष्काळ आला, त्यात पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला. आपल्या वाटणीची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरवलं. त्यानंतर त्यांनी बोलणं बंद केलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण पुढे हजारो अभंग झाले, आणि त्यांत माप आहे, तराजू आहे, मुद्दल आणि व्याज आहे, खरं-खोटं नाणं आहे. दुकान गेलं, पण वाण्याची नजर गेली नाही. ती ते स्वतःवर आणि देवावर चालवत राहिले.

मी मालाची मोजदाद करणारा माणूस, म्हणून मला हे जवळचं वाटतं असेल. पण संसाराचा वीट आलेला आणि तरीही नेमकं मोजणारा असा दुसरा कवी मला माहीत नाही.

गुरुवार, १० जुलै. गुरुपौर्णिमा

गणेशपुरीला नित्यानंदबाबांच्या समाधीकडे जाणाऱ्या गाड्यांनी नाका पहाटेपासून कोंडलेला. मुंबई-ठाण्याच्या बसेस, पायी येणारी मंडळी, हारवाले, वडापावच्या गाडीभोवती छत्र्या. आमची गाडी निघायला तासभर गेला. पिशवीत जी.एं.चं 'पिंगळावेळ' होतं. आज जी.एं.चाही जन्मदिवस, १९२३ चा.

टपरीच्या पत्र्याखाली उभ्याने 'स्वामी' वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. एका साध्यासुध्या वाटसरूला मठात नेतात, आदर-सत्कार करतात, महंत म्हणून बसवतात आणि जमिनीखालच्या खोलीत कायमचं ठेवतात. छळ नाही, शिव्या नाहीत. सगळं अदबीने चालतं, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. शेवटाकडे येता येता त्या माणसाचं सगळं जगणं एका वेलापाशी जमा होतं. वेल उजेडाच्या दिशेने वर सरकतो आणि तो पाहतो. जी.ए. त्या वेलाचं पान, कोंब, वळण जसं लिहितात, तसं शेतकरीच पाहू जाणे. सुटका नाही हे लेखकाला ठाऊक, पात्रालाही ठाऊक; तरी वेलावरून नजर हटत नाही.

जी.ए. म्हटलं की काळा चष्मा, धारवाड, एकांत, कुणाला न भेटणं एवढंच लोक सांगतात. माणूस धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. वर्ग घेत होता, पेपर तपासत होता. मावसबहिणींचा संसार सांभाळत होता. पत्रं इतकी लिहिली की निवडक पत्रांचेच चार खंड झाले, त्यातला पहिला सगळा सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा त्यांनी तो परत केला. ज्याला जगाचं काहीच उरलं नाही, तो तारखेच्या खरेपणासाठी एवढं मनाला लावून घेत नाही.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते त्यांच्या भाषांतरांबद्दल. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची एक कादंबरीत्रयी त्यांनी मराठीत आणली: 'रान', 'शिवार', 'गाव'. घनदाट जंगलात आलेलं एक कुटुंब झाडं तोडतं, जमीन उघडी करतं, पेरतं, आणि पुढे तिथे वस्ती उभी राहते, अशी ती कहाणी. मूळच्या तिसऱ्या भागाला १९५१ चं पुलित्झर मिळालं होतं. ज्या हातांनी 'प्रवासी' आणि 'इस्किलार' लिहिल्या, त्याच हातांनी माणसं घर कसं बांधतात, पहिलं पीक कसं काढतात हे पानामागून पान मराठीत उतरवलं. जी.एं.वर लिहिणारे ही पुस्तकं यादीत टाकून पुढे जातात, हे मला पटत नाही. त्यांची अंधारी कथा वाचताना शेजारी 'रान' असलंच पाहिजे.

रविवार, १३ जुलै

इंदिरा संत २००० साली याच तारखेला गेल्या, शहाऐंशी वर्षांच्या होऊन.

१९४० मध्ये 'सहवास' आला, नवरा-बायको दोघांच्या कवितांचा एकत्र संग्रह. १९४६ मध्ये ना. मा. संत गेले. पदरात तीन मुलं, बेळगावचं घर, शिक्षिकेची नोकरी. पुढचे संग्रह त्यांनी एकटीने लिहिले: 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी', 'बाहुल्या', 'गर्भरेशीम'. नावं नुसती एकामागून एक वाचली तरी कळतं की दुःख कुठे ठेवलेलं आहे. वस्त्रात, रंगात, खेळण्यात, घरातल्या हाताच्या अंतरावरच्या वस्तूंत. आमच्या भिवंडीत मागाचा खडखडाट ऐकत मोठा झालेला माणूस 'शेला' आणि 'गर्भरेशीम' या शब्दांशी थोडा जास्त थांबतो. ताणा-बाणा नीट बसल्याखेरीज कापड धरत नाही. बाईंच्या लहानशा कवितेत एक धागा सैल सापडत नाही.

त्यांचं दुःख आवाज चढवत नाही. सहानुभूती मागत नाही. दार, उंबरा, पाऊस, संध्याकाळ एवढ्यावर कविता उभी राहते आणि जाणारा माणूस गेलेला आहे हे वाचणाऱ्याला आपसूक कळतं. पन्नासहून जास्त वर्षं एकच वियोग लिहायचा आणि तो शिळा होऊ द्यायचा नाही, याला केवढी ताकद लागत असेल.

त्या घरातला एक मुलगा वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो पुढे प्रकाश नारायण संत झाला आणि त्याने 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' लिहिली. या कथांतल्या लंपनचं ते हसरं, गोंधळलेलं, प्रत्येक गोष्टीला कान लावणारं जग त्याच बेळगावच्या मातीतलं. भाचीला हे आवर्जून सांगायचं. आईची कविता आणि मुलाची कथा एका बैठकीत वाचली तर औदासीन्याबद्दलचे बरेच ठरीव समज गळून पडतात.

शनिवार, १९ जुलै

आज पुस्तकाबद्दल लिहीत नाही, पण विषय तोच.

पॅकिंगला एक तरुण मुलगा आहे. बरेच दिवस गप्प होता. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा. लोक आळशी म्हणू लागले. आज चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन बसलो. तो म्हणाला, "दादा, झोप लागत नाय. कशाचं काय वाटतच नाय." पाऊस पत्र्यावर इतका कोसळत होता की बोलणं ऐकू येईना, आणि तो मुलगा पावसाकडे वळूनही बघत नव्हता. समोरचं खोकं, स्कॅनर, मी, सगळं त्याला काचेपलीकडचं.

मला तेव्हा फरक स्वच्छ दिसला. बालकवींना, जी.एं.ना, इंदिराबाईंना जग जास्त दिसतं, टोकदार दिसतं. या मुलाला ते दिसेनासं झालं आहे. हा आजार आहे, आणि आजाराला औषध लागतं. त्याच्या हातात 'काजळमाया' देणं हा अपराध झाला असता. शिफ्ट संपल्यावर त्याला मागे बसवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीसाठी चिठ्ठी दिली. मनोरुग्णालय म्हटल्यावर पोरगा घाबरला. म्हटलं, १९०१ पासून आहे ते, रोज कितीतरी साधी माणसं तिथून गोळ्या घेऊन कामावर जातात. सोमवारी मी येतो बरोबर. सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही त्याच्या फोनमध्ये घालून दिला. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

साहित्यातल्या उदासीचं कौतुक करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. गेलेल्या कवींच्या दुःखाला हार घालायचे आणि शेजारच्या पोराला आळशी म्हणायचं, हे फार वेळा होतं.

गुरुवार, २४ जुलै. दीप अमावस्या

आमच्या गेटवरचे वॉचमनकाका कुडाळकडचे. दुपारी त्यांनी केबिनमधली समई आणि दोन जुने कंदील काढून चिंचेने घासले. कंदिलांना आता वातही नाही, तरी घासले. संध्याकाळी समई लावली. डॉकवर ट्यूबलाइट लखलखत होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "तिनसांजेक दिवो लावक व्हयो." एवढंच. पुढे काही नाही. मग गाडीचा नंबर रजिस्टरात लिहायला उठले.

आरती प्रभूंच्या दुसऱ्या संग्रहाचं नाव 'दिवेलागण', १९६२. चिंतामण त्र्यंबक खानोलकर, वेंगुर्ल्याजवळच्या तुळसचे. कुडाळला खाणावळ चालवली, ती चालली नाही, मग मुंबई, आकाशवाणीची नोकरी, तीही टिकली नाही. १९७६ च्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मागे, १९७८ मध्ये.

खाणावळीचा मालक म्हणजे सकाळी मासळीचा भाव, दुपारी उष्टी ताटं, रात्री उधारीची वही. त्या माणसाने जे लिहिलं त्यात संध्याकाळ ही नुसती वेळ राहत नाही, ती कुणीतरी दारात येऊन उभं राहिल्यासारखी येते. त्यांच्या लेखनात दुःखापेक्षा मला भीती जास्त जाणवते. 'रात्र काळी, घागर काळी' असो की 'कोंडुरा', माणसाच्या मागे काहीतरी लागलेलं असतं आणि त्याला वळून बघायची छाती होत नाही. कोकणातली देवस्थानं, कौल, राखणदार यांच्यात वाढलेल्याला ही भीती शिकवावी लागत नाही. म्हणूनच शहरी समीक्षेने त्यांना थेट युरोपच्या अस्तित्ववाद्यांच्या रांगेत बसवलं की माझं समाधान होत नाही. त्यांची उदासी वेंगुर्ल्याच्या वाटेवर अंधार पडताना जन्मलेली आहे.

रविवार, २७ जुलै

सुट्टीला ठाण्याला जाऊन मराठी ग्रंथसंग्रहालयात बसलो. १८९३ पासूनची संस्था. भाचीच्या यादीतली उरलेली नावं एकदा हाताखालून घातली.

मर्ढेकर. 'शिशिरागम' १९३९, 'काही कविता' १९४७. मधे महायुद्ध. नोकरी आकाशवाणीत. पिंपातल्या मेलेल्या उंदरांवर कविता लिहिली म्हणून गदारोळ झाला, अश्लीलतेचा खटलाही त्यांच्या वाट्याला आला, त्यातून ते सुटले. यंत्रयुगातल्या थकलेल्या माणसाला मराठी कवितेत पहिली जागा त्यांनी दिली. गोदामात काम करणाऱ्याला ते समजावून द्यावे लागत नाहीत.

ग्रेस. 'संध्याकाळच्या कविता', १९६७. त्यांचा नाद मला ओढून नेतो, पण बऱ्याचदा मी ओळीच्या अर्ध्यावर एकटा राहतो. जिथे आई येते तिथे मात्र कविता घट्ट होते आणि मग सोडत नाही. भाचीला ते फार आवडतात, तिने त्यांच्यावर लिहावं.

'कोसला', १९६३. नेमाडे पंचविशीचे. पांडुरंग सांगवीकरला हॉस्टेलचा, पुण्याचा, गावाचा, सगळ्याचा कंटाळा येतो, पण लहान बहीण देवीच्या रोगाने गेल्यावरची पानं वाचली की कळतं, हा पोरगा कशाला कंटाळला आहे आणि कशाला मुळीच कंटाळलेला नाही. त्यातला एक भाग रोजनिशीचा. पुस्तक अर्पण केलं आहे ते शंभरातल्या नव्याण्णवांना. जर्मन लेखक गटेने १७७४ मध्ये 'वेर्थर' लिहिलं तेव्हा तोही असाच चोवीस-पंचवीसचा. नायकाला त्याने मारलं आणि स्वतः ब्याऐंशी वर्षं जगला, नाटकं, कविता, वनस्पतिशास्त्र असं सगळं करत.

संग्रहालयातून निघताना डोक्यात रॉबर्ट बर्टन होता. ऑक्सफर्डचा हा पुस्तकातला किडा. १६२१ मध्ये, म्हणजे तुकोबांच्याच हयातीत, त्याने 'अॅनाटमी ऑफ मेलन्कली' हा उदासीवरचा भला मोठा ग्रंथ छापला आणि आयुष्यभर त्यात भर घालत राहिला. आपण उदासीवर का लिहितो हेही त्याने सांगून ठेवलं: कामात राहावं, म्हणजे उदासी गाठत नाही. ग्रंथाच्या अखेरीला वाचणाऱ्यालाही त्याचा सल्ला हाच, एकटं बसू नका, रिकामं बसू नका. मला वाटतं, त्याच्या या एका कबुलीत आमच्या सगळ्या मंडळींचं उत्तर आहे. दुःख त्यांनी अंगावर घेतलं, आणि घासूनपुसून, मोजूनमापून त्याला घडवलं. हे कष्टाचं काम आहे, आणि कष्ट करणाऱ्याला ते कळतं. दमून आल्यावर मी हेच का वाचतो, तर यासाठी. विनोदी पुस्तक माझा शीण विसरायला लावतं. हे लोक माझ्या शिणाकडे नीट बघतात.

गुरुवार, ३१ जुलै

पॅकिंगचा मुलगा मनोरुग्णालयाच्या गोळ्या घेतो आहे. झोप लागते म्हणाला. बाकी अजून काही नाही; डॉक्टर म्हणाले, आठवडे लागतील.

भाचीला रात्री लांबलचक लिहून पाठवलं. थोडक्यात इथे उतरवतो. हे लेखक जगाला कंटाळले होते, असं प्रकल्पात लिहू नकोस. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण नोकरी-धंदा करत होता, घर चालवत होता, आणि उरलेल्या वेळात जगाकडे इतकं बारकाईने बघत होता की ते बघणंच जड झालं. कवींच्या मृत्यूपासून सुरुवात करू नकोस, त्यांच्या एखाद्या ओळीपासून कर. जी.ए. पहिल्यांदाच वाचणार असशील तर 'पिंगळावेळ' लगेच नको, 'हिरवे रावे' घे. इंदिराबाईंच्या शेजारी लंपन ठेव. आणि हे सगळं रात्री एकटीने खोलीत बसून वाचू नकोस. आईला समोर बसव आणि मोठ्याने वाचून दाखव. तिला कविता कळत नाहीत असं ती म्हणेल. तू वाच.

प्रकल्प सप्टेंबरात द्यायचा आहे. 'हिरवे रावे' माझ्याकडे आहे, पुढच्या सुट्टीला कल्याणला पोचवतो.